कोकरांचा फुप्फुसदाह

कोकरू संध्याकाळी आईला लुचते आणि सकाळी मेलेले सापडते. धनगरांच्या कळपात या आजाराची पहिली खूण अनेकदा हीच असते. फुप्फुसदाह म्हणजेच न्यूमोनिया.

मुख्य कारण मॅनहायमिया हीमोलिटिका हा जीवाणू. पूर्वी तो पाश्चुरेला म्हणून ओळखला जाई. 1999 मध्ये जर्मन जीवशास्त्रज्ञ वाल्टर मानहाइम यांच्यावरून त्याला नवे नाव मिळाले. निरोगी मेंढीच्या नाका-घशातही तो असतो. पाऊस, थंडी, लांबची वाटचाल, दाटीवाटी किंवा विषाणुसंसर्ग यांमुळे प्रतिकारशक्ती खचली, की तो फुप्फुसात उतरतो. त्याचे विष पांढऱ्या पेशींनाच मारते.

कोकरू कळपामागे रेंगाळते, पिणे सोडते. ताप 41 अंश सेल्सियसच्या आसपास जातो, नाक वाहते, खोकला येतो, श्वासागणिक बरगड्या उडतात. शवविच्छेदनात फुप्फुसाचा पुढचा-खालचा भाग गडद लाल आणि यकृतासारखा घट्ट दिसतो.

मायकोप्लाझ्मा ओव्हिन्यूमोनिई हा जीवाणू रेंगाळणारा खोकला लावतो. त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलीन निष्प्रभ ठरते. ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखी औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने देतात.

प्रतिबंध स्वस्त पडतो. जन्मानंतर पहिल्या काही तासांत पोटभर चीक पाजावा. वाघरीतली, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या कुंपणातली, जागा कोरडी, वाऱ्याच्या झोतापासून आडोशाची असावी; बंद गोठ्यात मात्र हवा खेळती लागते, कारण मूत्रातून सुटणारा अमोनिया श्वासनलिका सोलवटतो. आजारी कोकरू लगेच वेगळे बांधावे. उपचार पहिल्या लक्षणालाच सुरू झाले तर गुण येतो. फुप्फुस घट्ट झाल्यावर वाचलेले कोकरूही खुरटते.