ताकीद, गुण, हकालपट्टी : टेनिसमधील एका शिक्षेची कुळकथा

गैरवर्तन करणाऱ्या टेनिसपटूस सामना अर्ध्यावर थांबवून कोर्टाबाहेर काढण्याची शिक्षा आज सर्वांच्या परिचयाची असली, तरी खेळाच्या वयाच्या मानाने तिचे वय फारच थोडे आहे. मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनी १८७४ साली आपल्या नव्या खेळाचे पेटंट मिळविले, १८७७ साली विम्बल्डनची पहिली स्पर्धा भरली, आणि पुढे जे नियमांचे दफ्तर सिद्ध होत गेले त्यात चेंडूचे वजन, जाळीची उंची, सर्व्हिस करताना पाऊल कोठे असावे, या सर्वांचा तपशील बारकाईने नोंदला गेला. परंतु पंचाशी उर्मटपणा करणाऱ्याला प्रथम कोणती, नंतर कोणती आणि अखेरीस कोणती सजा द्यावी, याचा क्रम लावून देण्याची निकड बराच काळ कोणास भासली नाही. खेळ क्लबांच्या हिरवळीवर वाढलेला होता, खेळणारे बहुधा सुखवस्तू घरांतले होते, आणि ज्याच्या हाती रॅकेट आहे त्याच्या अंगी सभ्यता असणारच, हे गृहीतच धरले जाई. खेळाडूस काढून टाकण्याचा अधिकार रेफरीपाशी होता खरा, पण तो बहुतेक वेळा म्यानातच राही.

याचा अर्थ त्या काळी शिक्षा होत नसत असा नव्हे. शिक्षा होत, परंतु त्या संघटनेच्या कचेरीतून सुटत आणि त्यांचा रोख जिभेपेक्षा खिशावर अधिक असे. १९२८ साली बिल टिल्डन या अमेरिकेच्या अव्वल खेळाडूने विम्बल्डनविषयी वृत्तपत्रांत मोबदला घेऊन लेख लिहिले, तेव्हा हौशी खेळाडूच्या धर्माचा भंग झाला असे ठरवून अमेरिकन संघटनेने त्याला ऐन डेव्हिस चषकाच्या मोसमात निलंबित केले. पण फ्रान्सने त्या वर्षीच्या अंतिम लढतीसाठी पॅरिसमध्ये रोलाँ गॅरोसचे नवेकोरे क्रीडांगण उभारले होते, आणि टिल्डनवाचून ते रिकामे राहील या भयाने एवढा गहजब झाला की अमेरिकेचे राजदूत मायरन हेरिक यांना मध्यस्थी करावी लागली. टिल्डन खेळला, त्याने फ्रान्सच्या लाकोस्तला हरविलेही, आणि लढत संपताच त्याचे निलंबन पुन्हा अंमलात आले. गुन्हा तोच आणि गुन्हेगारही तोच असताना तिकिटे विकली जाईपर्यंत शिक्षा तहकूब राहावी, हा या घराण्याचा पहिला मोठा दोष होता, आणि तो पुढील पिढ्यांतही उतरला.

१९६८ च्या एप्रिलमध्ये बोर्नमथ येथे हौशी आणि व्यावसायिक यांच्यामधली भिंत पडली व खुल्या टेनिसचे युग सुरू झाले. बक्षिसांच्या रकमा वाढल्या, दूरचित्रवाणी आली, आणि प्रेक्षकांना खेळाइतकीच खेळाडूच्या तमाशाचीही गोडी लागली. या नव्या बाजारातला सर्वांत गुणी आणि सर्वांत उपद्व्यापी व्यापारी म्हणजे रुमानियाचा इली नस्तासे. त्याच्याशी ज्या सामन्यात नियमांची खरी कसोटी लागली, तो १९७५ साली स्टॉकहोमला मास्टर्स स्पर्धेत झाला. समोर होता त्या वर्षीचा विम्बल्डन विजेता आर्थर ॲश, ज्याच्या संयमाची साक्ष त्याचे शत्रूही देत.

तिसऱ्या सेटमध्ये ॲश ४-१ असा पुढे होता. नस्तासेने सर्व्हिस करण्यास मुद्दाम विलंब लावला. चेंडू हातात खेळवावा, थांबावे, आणि पलीकडच्या संतप्त माणसाला अदबीचा आव आणून, आपण तयार आहात ना, असे पुनःपुन्हा विचारावे. खेळ अखंड चालला पाहिजे हा नियम होता; तो मोडला जात असल्याचे सर्वांना दिसत होते; पण हुकूम काही सुटेना. अखेर ज्याला आयुष्यात कोणी संतापलेले पाहिले नव्हते तो ॲश रॅकेट उचलून कोर्टाबाहेर चालता झाला. आता पेच असा पडला की, आपण नस्तासेला काढण्याच्या बेतातच होतो असे रेफरी हॉर्स्ट क्लोस्टरकेम्पर यांचे म्हणणे, आणि ॲशने तर स्वतःच कोर्ट सोडलेले. निवाडा असा झाला की दोघेही बाद! दुसऱ्या दिवशी समितीने तो फिरविला आणि सामना ॲशच्या पदरात घातला. स्पर्धा साखळी पद्धतीची असल्यामुळे नस्तासे मात्र स्पर्धेत राहिला, आणि अंतिम फेरीत ब्योर्न बोर्गला सरळ सेटमध्ये नमवून विजेताही झाला. छळणारा आणि छळला गेलेला यांना एकाच मापाने मोजणारा पहिला निकाल, तो रात्रीत उलटविणारा दुसरा, आणि अपराध्याच्या हाती चषक देणारा तिसरा, असे तीन निकाल एका आठवड्यात पाहिल्यावर एकट्या माणसाच्या विवेकावर हे काम सोपविता येणार नाही, याविषयी शंका उरण्याचे कारण नव्हते.

त्याच सुमारास व्यावसायिक टेनिसच्या धुरीणांनी आचारसंहिता आणि तिच्यासोबत शिक्षेची एक शिडी तयार केली. पहिल्या अपराधास ताकीद, दुसऱ्यास एका गुणाचा दंड, तिसऱ्यास एका गेमचा, आणि चौथ्यास हकालपट्टी. या रचनेतले शहाणपण सहज लक्षात येत नाही. खेळाडूला सर्वांत प्रिय असतो तो धावफलक. पैशांचा दंड महिन्याने भरावा लागतो, गुणाचा दंड मात्र त्याच क्षणी लोकांसमक्ष वसूल होतो. दुसरे असे की, पंचाला एकदम टोकाचा निर्णय घेण्याचे धैर्य करावे लागत नाही. तो केवळ पुढची पायरी पुकारतो, आणि हकालपट्टीची वेळ आलीच तर ती खेळाडूने स्वतःच्या पावलांनी गाठलेली असते.

परंतु कागदावरच्या शिडीला टेकायला भिंत लागते, आणि १९७९ च्या अमेरिकन ओपनमध्ये ती भिंतच कोसळली. जॉन मॅकेन्रोविरुद्धच्या रात्रीच्या सामन्यात नस्तासेने पुन्हा विलंबाचे खेळ आरंभिले; पंच फ्रँक हॅमंड यांनी संहितेप्रमाणे गुण काढला, गेम काढला, आणि अखेर त्याला बाद केले. त्याबरोबर गॅलऱ्यांतून कागदी पेले आणि डबे कोर्टावर येऊ लागले, माणसे खाली उतरली, पोलिसांना धावावे लागले. तेव्हा रेफरी माइक ब्लँचर्ड यांनी काय करावे? त्यांनी नस्तासेला परत बोलाविले, हॅमंड यांना खुर्चीवरून उतरविले, आणि स्वतः त्या खुर्चीत बसून सामना पुरा करविला. मॅकेन्रो चार सेटमध्ये जिंकला. नियम त्या रात्री हरला. ज्याने कायदा पाळला तो पंच घरी गेला आणि ज्याने मोडला तो खेळत राहिला.

शिडीवर पुरता विश्वास बसला तो आणखी अकरा वर्षांनी, आणि योगायोग असा की, तो बसविण्यास त्या रात्रीचा विजेता मॅकेन्रोच कारणीभूत झाला. १९९० च्या आरंभी शिडीतली गेमच्या दंडाची पायरी काढून टाकण्यात आली. आता ताकीद, गुण आणि तिसऱ्या अपराधास थेट हकालपट्टी. जानेवारीत मेलबर्नला मिकाएल पेर्नफोर्सविरुद्धच्या सामन्यात मॅकेन्रो एका रेषापंच बाईंसमोर जाऊन, रॅकेटवर चेंडू उडवीत, डोळे रोखून उभा राहिला. पहिली ताकीद मिळाली. चौथ्या सेटमध्ये त्याने रॅकेट आपटून मोडली, गुण गेला. मग त्याने अधिकाऱ्यांना बोलावून घेतले आणि त्यांना अशा शब्दांत सुनावले की पंच जेरी आर्मस्ट्राँग यांनी खुर्चीतून सामना संपल्याचे पुकारले. १९६३ नंतर ग्रँड स्लॅम स्पर्धेतून गैरवर्तनापायी घालविला गेलेला तो पहिलाच खेळाडू. अजून एक पायरी शिल्लक आहे असा त्याचा समज होता. नवा नियम आपल्याला माहीत नव्हता, असे त्याने नंतर सांगितले. नियमाचे अज्ञान ही कैफियत कोणत्याही न्यायालयात चालत नाही. ती तेथेही चालली नाही. पुढे गेमची पायरी पुन्हा शिडीत आली. २०१८ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात पंच कार्लोस रामोस यांनी सेरेना विल्यम्सला ताकीद, गुण आणि गेम अशा तिन्ही पायऱ्या चढविल्या, आणि पुरुषांच्या जिभेला इतक्या काटेकोरपणे मोजतात काय, असा तिने केलेला सवाल आजही अनुत्तरितच आहे.

येथवरची कथा एका शाखेची झाली. दुसरी शाखा आहे शिडीवाचून होणाऱ्या, एकाच अपराधाबद्दलच्या तत्काळ हकालपट्टीची, आणि आजचे सारे वाद याच शाखेचे आहेत. १९९५ साली विम्बल्डनला दुहेरीच्या सामन्यात टिम हेन्मनने रागाने मारलेला चेंडू जाळीजवळून धावणाऱ्या बॉल गर्लच्या कानावर बसला, आणि तो व त्याचा जोडीदार जेरेमी बेट्स दोघेही बाद झाले. खुल्या युगात विम्बल्डनमधून असा बाद झालेला पहिला खेळाडू त्याच देशाचा आणि मोठा सुस्वभावी निघावा, हा दैवाचा विनोद. २०१२ साली लंडनच्या क्वीन्स क्लबवर अंतिम सामन्यात एक सेट जिंकलेल्या डेव्हिड नालबंदियनने जाहिरातीच्या फळीला लाथ मारली. फळी मोडून रेषापंचाच्या नडगीतून रक्त आले, आणि विजेतेपद मारिन चिलिचला मिळाले. २०१७ साली ओटावा येथे डेव्हिस चषकाच्या निर्णायक सामन्यात सतरा वर्षांच्या डेनिस शापोवालोव्हने भिरकाविलेला चेंडू पंच आर्नो गाबास यांच्या डोळ्यावर बसला आणि कॅनडाने ब्रिटनविरुद्धची लढत गमावली. ६ सप्टेंबर २०२० रोजी, महामारीमुळे प्रेक्षकशून्य असलेल्या न्यू यॉर्कच्या कोर्टावर, पहिल्या सेटमध्ये ५-६ असा मागे पडलेल्या नोव्हाक जोकोविचने न पाहता मागे टोलविलेला चेंडू रेषापंच बाईंच्या गळ्यावर बसला. रेफरी सोरेन फ्रीमेल यांनी त्याची विनवणी ऐकून घेतली आणि त्याला बाद केले. जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूवर हा हुकूम बजावला गेला, यात टिल्डनपासून चालत आलेल्या दोषाचे परिमार्जन झाले, हे मान्य करावयास हवे.

परंतु त्याच जोकोविचने २०१६ साली पॅरिसमध्ये फेकलेली रॅकेट एका रेषापंचाला थोडक्यात चुकली होती, आणि तो सामना निर्वेध चालू राहिला होता. हाताचा आवेग तोच, बेपर्वाई तीच. अंतर काय ते काही इंचांचे. २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये तर उलट टोक दिसले. जपानच्या मियू काटोने दोन गुणांच्या मध्यंतरात, रागाचा लवलेश नसताना, पलीकडे पाठविलेला चेंडू बेसावध बॉल गर्लच्या मानेवर बसला. पंचांनी प्रथम ताकीदच दिली; मुलगी रडत आहे याकडे प्रतिस्पर्धी जोडीने लक्ष वेधल्यावर वरिष्ठ आले आणि काटो व तिची सहकारी आल्दिला सुतजियादी बाद झाल्या. त्याच स्पर्धेत मिरा आंद्रेएवाने रागाच्या भरात प्रेक्षकांत मारलेला चेंडू केवळ ताकिदीवर निभावला. हकालपट्टीनंतर चार दिवसांनी काटोने टिम प्यूट्झच्या साथीने मिश्र दुहेरीचे विजेतेपद मिळविले.

गंमत अशी की, ग्रँड स्लॅमच्या संहितेचे शब्द चुकीचे नाहीत. परिणामांची पर्वा न करता धोकादायकपणे चेंडू मारणे हाच तेथे अपराध आहे. तो कोणास लागलाच पाहिजे अशी अट नाही. अट अंमलबजावणीने घातली आहे. आपल्याकडील १८६० च्या दंडसंहितेने हा प्रश्न अधिक प्रौढपणे सोडविला होता : दुसऱ्याच्या सुरक्षिततेस धोका पोचविणारे बेदरकार कृत्य हा कलम ३३६ खाली स्वतंत्र अपराध, दुखापत झाल्यास ३३७ खाली अधिक सजा, आणि जबर दुखापत झाल्यास ३३८ खाली त्याहून अधिक. परिणामाने शिक्षा वाढावी, हे न्याय्यच. परंतु परिणाम टळला म्हणून कृत्यच निर्दोष ठरावे, हे न्याय्य नव्हे.

दुसरी उणीव दाद मागण्याची. ग्रँड स्लॅममध्ये हकालपट्टीचा निर्णय अंतिम असतो. त्यावर अपील नाही. १ मार्च २०२४ रोजी दुबईत उपांत्य सामन्याच्या तिसऱ्या सेटमध्ये आंद्रेय रुब्लेव्ह एका रेषापंचावर ओरडला. रशियन जाणणाऱ्या दुसऱ्या अधिकाऱ्याने त्यात अपशब्द ऐकल्याचे सांगितले, रुब्लेव्हने ते नाकारले, आणि चित्रफीत न पाहताच त्याला बाद करण्यात आले. पुरुषांच्या व्यावसायिक संघटनेकडे त्याने अर्ज केला, तेव्हा त्याची रक्कम आणि क्रमवारीचे गुण त्याला परत मिळाले, दंड मात्र कायम राहिला. सामना अर्थात परत मिळाला नाही, पण एका ठिकाणी फेरतपास शक्य असेल तर तो सर्वत्र का नसावा, या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागेल.

पन्नास वर्षांच्या या वंशावळीवरून माझे मत असे बनले आहे की, दोष शिडीत नाही, शिडी टाळून घेतल्या जाणाऱ्या उडीत आहे. कोर्टावर रागाने मारलेल्या प्रत्येक चेंडूस आणि फेकलेल्या प्रत्येक रॅकेटला, ती कोणास लागो वा न लागो, किमान एका गेमचा दंड असावा. इजा झाल्यास हकालपट्टी व्हावी. अनवधानाने झालेल्या कृत्याचा विचार निराळा व्हावा. आणि हकालपट्टीचा प्रत्येक निर्णय चित्रफीत पाहून, कारणे लेखी नोंदवून, जाहीर करण्यात यावा. हे होईपर्यंत खेळाडूला कोर्टाबाहेर घालविणारा खरा अधिकारी रेफरी नसून चेंडूचा नेम आहे, असेच म्हणावे लागेल.