वरसईचे भटजी आणि आपण

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी परप्रांतातील मराठी माणसाविषयी काही लिहावे, अशी कार्यकारिणीची सूचना आली, तेव्हा अटकेपार गेलेल्या फौजा किंवा पानिपतचे रण माझ्या डोळ्यांपुढे आले नाही. आठवण झाली ती पेणजवळच्या वरसई गावच्या एका गरीब भिक्षुकाची. इतिहासात सेनापतींची नावे ठळक अक्षरांत असतात. पण पोटासाठी घर सोडून निघालेल्या तुम्हा-आम्हांसारख्यांचा खरा पूर्वज शोधावयाचा, तर तो विष्णुभट गोडसे यांच्यातच सापडेल, असे मला वाटते.

विष्णुभटांचा जन्म 1827 चा. घर वैदिकाचे, प्राप्ती बेताची आणि कुटुंबावर कर्ज. अशात ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता कोकणापर्यंत पोचली. तेथे भरघोस दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल आणि तीर्थयात्राही घडेल, असा हिशेब करून तिशीतले विष्णुभट आपल्या काकांसह 1857 च्या उन्हाळ्यात उत्तरेकडे निघाले. पराक्रम गाजवावा, जग पाहावे असा कोणताही हेतू मनात नव्हता. आजच्या भाषेत बोलावयाचे, तर ते नोकरीनिमित्त परगावी चालले होते.

महूच्या आसपास त्यांना बंडाची चाहूल लागली आणि पुढे त्या धामधुमीत यज्ञाची गोष्ट मागे पडली. ग्वाल्हेर पाहून ते झाशीस आले. राणी लक्ष्मीबाईंच्या पदरी विद्वानांची कदर होती. भटजींना आश्रय मिळाला, गाठीला चार पैसे जमले. इतक्यात मार्च 1858 मध्ये सर ह्यू रोज यांच्या फौजेचा वेढा पडला. एप्रिलच्या आरंभी शहर पडले, राणी रात्रीच्या अंधारात किल्ल्याबाहेर पडल्या आणि झाशीत कत्तल व लूट सुरू झाली. भटजी जीव मुठीत धरून लपून राहिले. प्राण वाचले, पुंजी गेली.

त्यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकातील हा भाग मी प्रथम वाचला तो कॉलेजात असताना, परीक्षेपुरता. पुढे सरकारी नोकरीत ठिकठिकाणी बदल्या झाल्या, पन्नाशी उलटली, कानपूरला येऊन राहिलो, आणि ते पुस्तक पुन्हा हाती घेतले. या वेळी माझे लक्ष लढाईपेक्षा लिहिणाऱ्या माणसाकडे अधिक गेले. निघताना भटजींची नजर दक्षिणेवर आहे. कोठे काय मिळाले याचा हिशेब ते चोख सांगतात. परंतु झाशीच्या पाडावाविषयी लिहिताना त्यांना स्वतःच्या पैशांइतकीच हळहळ तेथील ग्रंथसंग्रहाच्या नाशाची वाटते. शहरातील अनाथ झालेल्या कुटुंबांचा आक्रोश ते विसरत नाहीत. स्वतःची भीतीही ते लपवीत नाहीत. आपण शूर होतो असा आव ते कोठेही आणीत नाहीत. दक्षिणा मोजण्यासाठी निघालेला मनुष्य वाटेत माणसे पारखावयास शिकला होता.

या शिक्षणातील मोठा धडा त्यांना काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी मिळाला. पराभवानंतर धुळीने माखलेल्या राणी तहानेने व्याकुळ होऊन तेथे आल्या. भटजी पाणी काढून देण्यास पुढे झाले. पण विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढावे हे राणींना रुचले नाही. त्यांनी स्वतःच पोहरा घेतला. ज्यांच्याकडून दान घेण्यासाठी हा भिक्षुक एवढा दूर आला, त्यांच्यापाशी आता देण्यासारखे काही उरले नव्हते, आणि तरीही तो रिकाम्या हातांनी गेला नाही. गतवर्षी दौऱ्यानिमित्त झाशीस जाताना काल्पीला यमुनेच्या पुलाजवळ मी गाडी थांबवावयास सांगितली. विहीर कोणती हे सांगणारे कोणी नव्हते, आणि मीही विचारले नाही. परंतु माझ्या प्रवासभत्त्याच्या बिलात जे अंतर किलोमीटरमध्ये नोंदले जाते, ते एका माणसाने अनवाणी जीव घेऊन काटले होते, याची जाणीव त्या दिवशी प्रथम झाली.

भटजी पुढे काशीयात्रा करून, गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन पायी वरसईला परतले. वाटेत पुन्हा लुबाडले गेले. पण कावड त्यांनी सोडली नाही. घरी आल्यावर त्या गंगाजलाने आईवडिलांना स्नान घातले. ज्या कर्जासाठी ते निघाले होते, त्याच्या मानाने हाती काहीच आले नव्हते. हिशेबाच्या वहीत हा प्रवास तोट्याचाच ठरेल.

तो तोटा नव्हे हे ओळखले ते दुसऱ्याच एका व्यक्तीने. परतल्यावर वीसहून अधिक वर्षे भटजी आपली हकीकत तोंडीच सांगत राहिले. 1883 च्या सुमारास विशीतल्या चिंतामण विनायक वैद्यांनी त्यांना ती लिहून काढावयास सांगितले. भटजींनी लिहिली. राजवटीच्या धाकाने ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. वैद्यांनी 1907 मध्ये आपल्या हाताने फेरफार करून ती प्रसिद्ध केली. मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये उजेडात आणले. लखनौचे अमृतलाल नागर यांनी तिचा हिंदी अनुवाद केला, आणि ज्या मुलुखाची ही कथा, त्या मुलुखाला ती त्याच्या भाषेत परत मिळाली. एका तरुणाने विचारले नसते, तर हे सारे एका वृद्धाबरोबर गेले असते.

येथे मला एक कबुली द्यावीशी वाटते. आपल्या मंडळाच्या पहिल्या पिढीतील एक वडीलधारे सभासद गेल्या वर्षी निवर्तले. तरुणपणी ते येथील कापडगिरणीत नोकरीसाठी आले होते. पुढे कानपूरच्या बहुतेक जुन्या गिरण्या बंद पडल्या, बरोबरीचे लोक परतले, हे मात्र राहिले. का राहिले, गिरणीचा भोंगा थांबला त्या दिवशी काय वाटले, शेजारच्या हिंदी कुटुंबांनी त्यांचा संसार कसा सावरला, हे सारे सांगावयास ते उत्सुक होते. "एकदा सवडीने या, वही घेऊन या," असे ते मला गणेशोत्सवात दोनदा म्हणाले. मी येतो म्हणालो. एकदा दौरा निघाला, एकदा लेखापरीक्षण आले. नंतर गेलो तो त्यांच्या तेराव्याला. त्यांच्या वह्यांविषयी चौकशी केली, तेव्हा घर आवरताना त्या रद्दीत गेल्याचे कळले.

घरापासून दूर राहिल्याने माणूस घडतो, असे आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. ते खरे आहे. पण घडलेल्या माणसाला ते सहसा ठाऊक नसते. त्याला आठवतो तो तोटा, लुबाडणूक, उन्हातली पायपीट. त्यातून काय कमावले हे त्याला कोणी विचारल्यावाचून कळत नाही, आणि इतरांनाही कळत नाही. विष्णुभटांना वैद्य भेटले. आमच्या त्या वडीलधाऱ्यांना माझ्यासारखा गृहस्थ भेटला.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने कार्यकारिणीस एक नम्र विनंती आहे. सभागृहाचे नूतनीकरण अवश्य व्हावे, नाटकेही व्हावीत. पण सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक सभासदाच्या घरी या वर्षात एक तरुण वही घेऊन जावा. पहिली पाच घरे मी स्वतःकडे घेत आहे. निवृत्तीला अवकाश आहे. परंतु या कामासाठी आता निवृत्तीची वाट पाहणार नाही.