पेट्रोलची नळी, पाण्याची नळी
जेट स्कीचा इतिहास सांगणारे क्लेटन जेकबसनपासून सुरुवात करतात: कॅलिफोर्नियातला मोटोक्रॉसवाला, त्याच्या कल्पनेवरून बॉम्बार्डिएने 1968 साली काढलेली 'सी-डू', मग 1973 च्या सुमारास कावासाकीची 'जेट स्की'. मला मात्र तिच्या पोटातल्या नळ्यांचा, त्यातही चटकन निघणाऱ्या जोडणीचा इतिहास जास्त रंजक वाटतो.

ही जोडणी त्याआधीच आउटबोर्ड इंजिनांवर रुळली होती. 1950 च्या सुमारास जॉन्सन, एव्हिनरूड यांनी पेट्रोलची टाकी इंजिनापासून वेगळी केली. तिला नळ्या दोन: एकीतून इंजिन टाकीत हवेचा दाब सोडायचं, दुसरीतून त्या दाबाने पेट्रोल इंजिनाकडे यायचं. भरायला टाकी किनाऱ्यावर न्यायची, म्हणून जोडणी पाना न लावता निघणारी.

जेट स्कीचे हौशी मेकॅनिक एकच जोडणी दोन्ही नळ्यांना लावतात, तिथे गफलत होते. पेट्रोलच्या जोडणीला सुटताच मिटणारी झडप हवीच. इंजिनाच्या बंद कप्प्यात साठलेली वाफ एका ठिणगीने भडकते. पाण्याच्या नळीत तीच झडप घातक. अनेक यंत्रांत पंपाने ढकललेलं बाहेरचं पाणीच इंजिन थंड ठेवतं. वाट अरुंद झाली की इंजिन तापलंच.

पाण्याची जोडणी खरी कामाला येते ती मीठ धुऊन काढताना. बहुतेक यंत्रांत आधी इंजिन चालू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. क्रम चुकला तर पाणी एक्झॉस्टमधून उलटं सिलिंडरात शिरतं. पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड.