तारखेच्या आदल्या रात्री : अत्याचारग्रस्त कुटुंबाला मानसिक आधार देताना

गावात जातीय अत्याचार झाला की आपले कार्यकर्ते लगेच पोहोचतात. एफआयआर नोंदवून घेतात, ॲट्रॉसिटीची कलमे लागली का ते पाहतात, मोर्चा काढतात. जलदान विधी आणि पुण्यानुमोदन झाले की दारापुढच्या गाड्या कमी होतात. त्यानंतर त्या घरात काय चालते, याची माहिती आपल्या चळवळीने फारशी ठेवलेली नाही.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात 'संकटकालीन हस्तक्षेप' नावाचा विषय असतो. त्याची सुरुवात अमेरिकेतल्या एका दुर्घटनेतून झाली. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी बोस्टनमधील कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबला आग लागून ४९२ माणसे मेली. मागे राहिलेल्यांच्या शोकाचा अभ्यास एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञांनी केला आणि १९४४ मध्ये तो प्रसिद्ध केला. पुढे जेराल्ड कॅप्लन यांनी त्यावरून मांडणी केली, की संकटाचा तीव्र काळ साधारण चार ते सहा आठवड्यांचा असतो आणि त्या काळात मिळालेली थोडी मदतही माणसाला सावरते.

आपल्या जिल्ह्यात हे सहा आठवडे पुरत नाहीत. नेवासा तालुक्यातील सोनईचे तिहेरी हत्याकांड १ जानेवारी २०१३ चे. खटला नाशिकला चालला आणि सहा जणांना शिक्षा झाली जानेवारी २०१८ मध्ये. जामखेड तालुक्यातील खर्ड्यात १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून २८ एप्रिल २०१४ रोजी झाला. अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. अशा घरात प्रत्येक जामीन अर्ज, प्रत्येक तारीख आणि निकाल हे नवे संकट असते. आग एकदा लागून विझते. इथे आरोपीचे नातेवाईक रोज त्याच पाणवठ्यावर आणि त्याच एसटी थांब्यावर भेटतात.

म्हणून मदतीचे नियोजन खटल्याच्या लांबीचे हवे, असे आमचे मत आहे.

पहिल्या दिवसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेतील मानसिक प्रथमोपचाराची रीत उपयोगी आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. पाहायचे ते हे, की घर सुरक्षित आहे का, कोणी जेवले-झोपले आहे का, लहान मुले कोणाजवळ आहेत. ऐकायचे म्हणजे समोरचा बोलेल तेवढेच ऐकायचे. येणाऱ्या प्रत्येक शिष्टमंडळापुढे आईला तोच प्रसंग पुन्हा सांगायला लावणे, मोबाइल समोर धरणे, मृतदेहाचे फोटो ग्रुपवर फिरवणे हे थांबले पाहिजे. हे करणारे बहुतेक वेळा आपलेच लोक असतात. 'धीर धरा', 'रडू नका' यापेक्षा शेजारी बसून राहणे बरे. जोडून देणे म्हणजे वकील, डॉक्टर, समाजकल्याण कार्यालय, मुलांची शाळा यांच्याशी. त्यासाठी एकच माणूस ठरलेला असावा आणि घरातल्या बायकांसाठी बाईच असावी.

झोप न लागणे, दचकणे, सुन्न होणे, संताप येणे हे पहिल्या आठवड्यांत स्वाभाविक आहे. त्याला वेड म्हणू नये. महिना उलटूनही काम सुचत नसेल, दारू वाढली असेल किंवा 'आता जगून काय करायचं' असे शब्द येऊ लागले असतील, तर डॉक्टर गाठावा. जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट माणूस मोकळा होतो. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये आणि घरातली कीटकनाशके हलवावीत. कोणी विष घेतलेच, तर ओकारी काढायला न लावता डबा सोबत घेऊन तातडीने रुग्णालयात न्यावे. गुन्हा दाखल होईल या भीतीने घरचे लपवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले जाते आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरते.

टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, २४ तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. उपचारासाठी जिल्हा रुग्णालय आहे. बेघर मनोरुग्ण महिलांसाठी शिंगव्यात डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचे माउली सेवा प्रतिष्ठान काम करते. नगरच्या सीएसआरडी समाजकार्य संस्थेतील विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावेच लागते, विहार समित्यांनी त्यांना बोलवावे. पदवी नसली तरी अडत नाही. खर्डा ज्या तालुक्यात आहे त्याच जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून कमी शिकलेल्या गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले.

तारखांचा काळ सर्वात दुर्लक्षित आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-ए आले. जामिनासह प्रत्येक सुनावणीची वेळेवर सूचना मिळणे, जामिनाच्या वेळी आपले म्हणणे मांडणे, प्रवास व निर्वाह खर्च, संरक्षण, गरज पडल्यास दुसरीकडे पुनर्वसन, हे पीडित व साक्षीदारांचे हक्क त्यात आहेत. फितूर साक्षीदाराला आपण गद्दार म्हणून मोकळे होतो. पण महिनोन्महिने एकट्याने धमक्या ऐकणाऱ्या माणसाच्या घरी त्या काळात आपल्यातले कोण गेले होते?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये किसा गोतमीचे सांत्वन आणि आजाऱ्यांची काळजी हे प्रसंग मुद्दाम घेतले आहेत. अतिसाराने मळात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले. आजारी भिक्खूजवळ कोणी का नव्हते, हा प्रश्न त्यांनी नंतर संघाला विचारला.

विहारात एक वही ठेवता येईल. त्यात जिल्ह्यातील प्रत्येक खटल्याची पुढची तारीख, आदल्या रात्री त्या घरी मुक्कामाला कोण जाणार, सकाळी न्यायालयात सोबत कोण असणार आणि परतल्यावर पुढच्या आठवड्यात फोन कोण करणार, एवढे लिहिलेले असावे. सोबत जाणाऱ्यांची पाळी बदलती ठेवावी, कारण पंचनाम्याला उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्यालाही झोप लागत नाही आणि १४४१६ त्याच्यासाठीही आहे.