मस्तानी राजकन्याच का हवी?

ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ ही कादंबरी १९७२ साली आली. तेव्हापासून आजपर्यंत ती वाचलेली दोन माणसं भेटली की गप्पा एकाच जागी येऊन अडतात. मस्तानी नेमकी होती कोण? एक जण ठामपणे सांगतो, छत्रसालाची मुलगी, म्हणजे राजकन्या. दुसरा तितक्याच ठामपणे म्हणतो, कसली राजकन्या, नजराणा म्हणून आलेली कलावंतीण होती ती. २०१५ च्या डिसेंबरात संजय लीला भन्साळींचा ‘बाजीराव मस्तानी’ आला आणि हा वाद वाचनालयाच्या कट्ट्यावरून उठून थेट आपल्या मोबाइलमध्ये शिरला. तिथे तिसरा आवाजही मिसळला: तुमचं प्रेम राहू द्या बाजूला, काशीबाईंचं काय?

वरवर पाहिलं तर हा पुराव्यांचा वाद आहे. कागद काढा, तपासा, विषय संपवा. पण तो संपत नाही, कारण भांडणाऱ्यांना मस्तानीच्या जन्मापेक्षा दुसरंच काही ठरवायचं असतं. ती राजकन्या ठरली तर बाजीरावाचं प्रेम शोभून दिसतं. कलावंतीण ठरली तर तेच प्रेम ‘नाद’ होतं. माणसं तीच, वागणूक तीच. फक्त बाईचं घराणं बदललं की आपला शब्द बदलतो.

असं का होतं, हे बघायला शनिवारवाड्यापेक्षा मावळात गेलेलं बरं. पुण्याहून लोणावळ्याची लोकल पकडली की वाटेत दोन स्टेशनं लागतात, तळेगाव आणि कामशेत. या गोष्टीचे दोन धागे तिथे सापडतात.

कामशेतचा कागद

कामशेतपासून सुरुवात करू. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची नोकरी संपवून इथे, इंद्रायणीच्या काठी, राहायला आले आणि १९५९ साली इथेच वारले. ज्यांच्या नजरेखालून पेशवे दप्तरातले कागद सर्वाधिक संख्येने गेले, अशा मोजक्या माणसांत त्यांची गणना होते. १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी या दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले. जदुनाथ सरकारांसारखा इतिहासकार त्यांना भेटायला कामशेतला यायचा. आज ज्या स्टेशनावर पॅराग्लायडिंगला जाणारी मुलं उतरतात, तेच हे कामशेत.

एवढे कागद चाळलेल्या या माणसाने मस्तानीच्या जन्माबद्दल काय लिहिलं? तिचं मूळ अंधारात आहे, आणि हिंदू बाप व मुसलमान आई ही परंपरेने सांगितलेली गोष्ट आहे. बस्स. ज्या मुद्द्यावर आपण तावातावाने भांडतो, तिथे रियासतकार दोन पावलं मागे उभे राहिले.

पक्कं आहे ते एवढं: १७२९ च्या मार्चमध्ये बाजीराव बुंदेलखंडात पोचला आणि महंमदखान बंगशाच्या कचाट्यातून त्याने म्हाताऱ्या छत्रसालाला सोडवलं. त्यानंतर मस्तानी पुण्याला आली. शनिवारवाड्यात तिच्यासाठी महाल होता, पाबळ गाव तिच्याकडे होतं. १७३४ साली तिला मुलगा झाला, तोच पुढचा समशेरबहादर. आणि १७३९ च्या अखेरीस घरात आग लागली.

तळेगावातून पाहिलेला बाजीराव

त्या आगीकडे जाण्याआधी तळेगावला उतरू. तळेगाव दाभाडे या नावातच घराणं आहे. दाभाडे मूळचे इथले पाटील. छत्रपतींच्या पदरी पराक्रम करून ते वर चढले आणि १७१७ साली खंडेराव दाभाडे मराठ्यांचे सेनापती झाले. त्यांचा मुलगा त्रिंबकराव त्यांच्यामागून सेनापती झाला. गुजरातच्या चौथाईवरून त्याचं आणि बाजीरावाचं बिनसलं, त्रिंबकराव निजामाशी संधान बांधून उभा राहिला आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळच्या लढाईत मारला गेला.

त्याची आई उमाबाई तळेगावात होती. शाहूमहाराज समेट करायला स्वतः आले, बाजीरावाला तिच्यापुढे उभं केलं आणि तिच्या हाती तलवार देऊन म्हणाले की हवं तर याचं डोकं उतरवा, अशी कथा सांगतात. तिने मारलं नाही, पण विसरलीही नाही. पुढे वीस वर्षांनी ताराबाईंनी पेशव्यांविरुद्ध उठाव केला तेव्हा उमाबाई ताराबाईंच्या बाजूला होती.

आता तळेगावच्या वाड्यात बसून बाजीरावाकडे बघा. हा कोण? श्रीवर्धनहून आलेल्या भटांचा मुलगा. बाप बाळाजी विश्वनाथ कोकण सोडून घाटावर आला, कारकुनी करत करत १७१३ साली पेशवा झाला. १७२० साली बाप गेला आणि विशीतला मुलगा त्या जागेवर बसला. दरबारातल्या जुन्या मंडळींना हे रुचलं नव्हतं. आपण सिनेमात ज्याला उंचच उंच सिंहासनाजवळ पाहतो, तो तळेगावच्या नजरेत कालपरवा वर आलेला नोकर होता.

म्हणजे ‘वरचा’ आणि ‘खालचा’ ही जागा कुठे उभं राहून बघता त्यावर ठरते. दाभाडे पाटलाचे सेनापती झाले, भट कारकुनाचे पेशवे झाले. दोन्ही घराणी चढून आलेली. आणि नुकतं चढून आलेलं घर पायरीबद्दल फार हळवं असतं, असं मला वाटतं. ज्याची जागा पिढ्यान्‌पिढ्या पक्की आहे, त्याला चारचौघांच्या बोलण्याची तितकी भीती नसते.

सातारा आणि पुणे

याचा पडताळा त्याच वर्षांत साताऱ्याला मिळतो. शाहूमहाराजांच्या वाड्यात विरूबाई होती. दासी म्हणून आलेली बाई. तिच्याशी महाराजांचं लग्न लागलेलं नव्हतं. तरी वाड्याचा सगळा कारभार तिच्या हाती होता, सकवारबाई आणि सगुणाबाई या राण्याही तिला मान द्यायच्या. शाहूंनी सांभाळलेला फत्तेसिंह भोसले तिच्या मायेत वाढला. त्याच्यापासून अक्कलकोटचं घराणं सुरू झालं.

विरूबाई चालली आणि मस्तानी चालली नाही. दोघींपैकी कुणाचंही जन्माचं पारडं जड नव्हतं. फरक होता तो घरांमध्ये. शाहू छत्रपती होते. त्यांच्या पंगतीला कोण बसेल हा प्रश्न कुणी विचारणार नव्हतं. पुण्यातल्या भटांची सगळी प्रतिष्ठा ब्राह्मण म्हणून असलेल्या शुद्धतेवर टेकली होती. त्यात धर्माची भिंत होती. आणि मस्तानीला मुलगा होता. तो मुलगा मुंज मागणार, नाव मागणार, वाटा मागणार. मुंज झाली नाही, आणि तो समशेरबहादर म्हणूनच वाढला.

१७४० च्या सुरुवातीला घरात रघुनाथाची मुंज आणि सदाशिवरावाचं लग्न होतं. बाजीराव हजर असेल तर ब्राह्मण कार्य करणार नाहीत, हा पेच पडला. चिमाजीअप्पा आणि नानासाहेब, म्हणजे सख्खा भाऊ आणि थोरला मुलगा, यांनी मस्तानीला पहाऱ्यात ठेवलं. ही दोघं सिनेमातल्या खलनायकांसारखी नव्हती. चिमाजीअप्पाने नुकतीच वसई जिंकली होती, भावावर त्याचा जीव होता. ज्याच्यावर जीव आहे त्याचंच माणूस हिरावून घ्यायला घरच्यांना खलनायक व्हावं लागत नाही. दारात कार्य असलं की पुरतं.

गंमत म्हणजे साताऱ्याहून आलेल्या एका पत्रात शाहूमहाराजांचा कल उलटा दिसतो. मस्तानीसाठी रावांचं मन दुखवू नये, असं त्यांचं म्हणणं कळवलेलं आहे. पक्क्या जागेवर बसलेल्या माणसाला हे बोलणं परवडत होतं.

बाजीराव मोहिमेवर गेला आणि २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला वारला. काशीबाई तिथे होती. मस्तानीही त्यानंतर लवकरच गेली. पाबळला तिची कबर आहे.

आपण वाचक काय करतो

आता पुन्हा आपल्या वादाकडे येऊ. मस्तानीची बाजू घेणारे बहुतेक वाचक तिला वर चढवतात. ती राजकन्या होती, तलवार चालवायची, घोड्यावर बसायची. चित्रपटानेही हेच केलं. हेतू चांगला असतो, पण यात आपण मुंज नाकारणाऱ्या ब्राह्मणांचं माप जसंच्या तसं मान्य करतो. ते म्हणाले, ही खालची, म्हणून चालणार नाही. आपण म्हणतो, अहो, ही वरचीच आहे, म्हणून चालवून घ्या. खालची असती तर? त्याचं उत्तर आपल्याकडे नसतं.

‘पिंगा’ गाण्यावरून वाद झाला तेव्हाही हेच दिसलं. पेशव्यांच्या घरची काशीबाई नाचताना दाखवली, हा त्यातला मोठा आक्षेप होता. मस्तानीच्या नाचण्यावर कुणी फारसं अडलं नाही. नाचणं तिचंच काम, असं सगळ्यांनी मनोमन धरलेलं होतं.

काशीबाईचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो टाळून ही गोष्ट वाचता येत नाही. बाजीरावाला दोन बायका करण्याची मुभा होती. काशीबाईला रागावण्याचीही नव्हती. तोच प्रश्न मस्तानीलाही लावायला हवा. लढाईतल्या उपकाराची फेड म्हणून ज्या बाईला दुसऱ्या मुलखात पाठवलं, तिला ‘नाही’ म्हणता आलं असतं का? राजकन्या असो वा कलावंतीण, पाठवणाऱ्यांनी तिला विचारलं नसणार. विषम घरांतल्या प्रेमकथा वाचताना मला पहिल्यांदा हेच बघावंसं वाटतं: कमी ताकदीच्या माणसाने स्वतःहून काय केलं?

मस्तानीच्या बाबतीत असा एक प्रसंग आहे. १७३९ च्या हिवाळ्यात बाजीराव पुण्याबाहेर पाटसला होता आणि ती पुण्यात अडकलेली होती. ती पहाऱ्यातून निसटली आणि पाटसला त्याच्याकडे पोचली. घरच्यांची माणसं मागोमाग गेली, समजूत घातली गेली, तिला परत आणलं गेलं. तिला कुणी दिलं, कुणी ठेवलं, कुणी कोंडलं, हे सगळं दुसऱ्यांनी केलं. पाटसला ती स्वतः गेली. तिच्या प्रेमाचा पुरावा हवा असेल तर तो इथे आहे, आणि त्याला तिच्या बापाच्या नावाची गरज नाही.

हे अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीचं आहे खरं. पण मावळात आजही लग्नाची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न ‘पाहुणे कोण?’ हाच असतो. एक्सप्रेसवेला जमीन गेलेलं घर, एमआयडीसीत पाळीवर जाणारं घर, लोणावळ्याला बंगला राखणारं घर, सगळ्यांच्या पायऱ्या गेल्या एका पिढीत वरखाली झाल्यात. अशा वेळी प्रेमात पडलेला मुलगा घरी सांगताना काय म्हणतो? ‘मुलगी चांगल्या घरची आहे.’ मुलगी कशी आहे, तिने त्याच्यासाठी काय केलं, हे नंतर येतं, आलं तर.

मस्तानीचा मुलगा समशेरबहादर १७६१ साली पानिपतावर पेशव्यांकडून लढला, जखमी झाला आणि त्यातच गेला. ज्या घराने त्याची मुंज केली नाही, त्या घराला त्याची तलवार चालली. ‘राऊ’ पुन्हा हातात घ्याल तेव्हा मस्तानीचा बाप कोण होता हे शोधत बसू नका. तिला नाकारणाऱ्यांची यादी करा, आणि त्यातला कोण किती वर्षांपूर्वी वर आला होता ते शेजारी लिहा.