हंडीची वाटणी

माझे थोरले बंधू चाळीस वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली करून निवृत्त झाले, आणि त्यांतील बहुतेक वर्षे भाऊबंदांच्या वाटणीचे दावे चालवण्यात गेल्यामुळे जगातील यच्चयावत् वस्तू एकतर वडिलार्जित असते, नाहीतर स्वकष्टार्जित, असा त्यांचा पक्का समज होऊन बसला आहे. अशा गृहस्थाने हॉलंडात लेकीच्या सासरी पंक्तीला बसल्यावर एका साध्या भाजीच्या नावावरून कायद्याचा मुद्दा उपस्थित करावा, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच झाले. परंतु तो मुद्दा खरा निघावा आणि त्यापायी माझे पुढील कित्येक महिने कोश व कायद्याची पुस्तके चाळण्यात जावेत, याची कल्पना त्या वेळी मला नव्हती.

लायडन नगरातील ते जेवण. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता, बाहेर पाऊस भुरभुरत होता, आणि विहीणबाईंनी आमच्यासाठी मुद्दाम आपल्या गावचे सणाचे जेवण रांधले होते. बटाटा, गाजर आणि कांदा एका भांड्यात शिजवून, पाणी काढून, लोणी घालून घोटलेला तो केशरी ढीग प्रत्येकाच्या ताटात पडला. सोबत दीर्घकाळ मंद आचेवर शिजवलेले गोमांस होते. ते आम्हा दोघा भावांच्या समोरून आदबीने दूर सरकवण्यात आले. मग जावईबापूंनी चमच्याच्या पाठीने त्या ढिगाच्या माथ्यावर एक खळगा केला व त्यात मांसाचा रस ओतला. दादांच्या खळग्यात नुसते वितळलेले लोणी पडले. भाताच्या मुदीला आळे करून वरण वाढून घेणाऱ्या माणसाला ही क्रिया शिकवावी लागत नाही. दादा प्रसन्न झाले.

"काय म्हणालीस याचं नाव?" त्यांनी लेकीला विचारले.

"हुत्स्पॉट, बाबा."

दादांनी चमचा खाली ठेवला. "अगं, मग हा तर आमच्या कोर्टातला हॉचपॉट! ऐकलंस का रे? 'सर्व मिळकती हॉचपॉटमध्ये आणलेल्या नाहीत, सबब दावा चालण्यास पात्र नाही', हे वाक्य मी उभा जन्म लिहिलं. पण ते खाता येतं, हे आज कळतंय!"

आता या पदार्थाची जी कथा लायडनमधील शाळकरी पोरही सांगते ती प्रथम उरकून घेऊ. १५७४ च्या मे महिन्यापासून स्पेनच्या राजाच्या फौजेने या नगराला वेढा घातला होता. उपासमार आणि साथ यांनी हजारो माणसे दगावली. शेवटी वलंदेजांनी (आपल्या जुन्या दप्तरांत डच लोकांचे नाव हेच) आपलेच बांध फोडून मुलखात समुद्राचे पाणी घेतले, त्या पाण्यावरून बंडखोरांचे तांडेल तारवे घेऊन आले, आणि ३ ऑक्टोबरच्या पहाटे वेढा उठला. कोर्नेलिस योप्पन्सझोन नावाचा एक अनाथ मुलगा लामेनस्खान्स या ओस पडलेल्या गढीत शिरला, तेव्हा शत्रूने सोडलेला एक हंडा त्याला चुलीवर सापडला, त्यातले कालवण उपाशी नगराने खाल्ले, आणि तेव्हापासून दरवर्षी त्या तिथीला लायडनमध्ये हुत्स्पॉट शिजतो. तो हंडा म्हणून दाखवले जाणारे भांडे तेथील लाकनहाल संग्रहालयात आहे. त्याच दिवशी खारवलेले हेरिंग मासे आणि पांढरा पाव फुकट वाटण्याचीही चाल आहे, कारण सुटकेला आलेल्या खलाशांनी प्रथम तेच वाटले.

ही कथा गोड आहे, पण तिच्यातील हंड्यात बटाटा असणे शक्य नाही. कार्लुस क्लुसिउस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती बटाटा आला तो १५८८ साली, व्हिएन्नात. आणि त्याचे साद्यंत वर्णन त्याने ग्रंथात छापले ते १६०१ साली. सामान्य वलंदेजाच्या ताटात बटाट्याने ठाण मांडायला अठरावे शतक उजाडले. तेव्हा शत्रूच्या त्या हंड्यात मांस, कांदा आणि पार्सनिप, म्हणजे गाजराच्या अंगाचे पांढरे मूळ, यांचाच रस्सा असला पाहिजे. सतराव्या शतकातील हुत्स्पॉटची कृतीही त्याच वळणाची आहे: बारीक चिरलेले मांस, पार्सनिप, लिंबाचा रस, आले आणि लोणी. यात मौज अशी की वेढा सोसल्याचे बक्षीस म्हणून लायडनला १५७५ साली जे विद्यापीठ मिळाले असे सांगतात, त्याच विद्यापीठात १५९३ साली क्लुसिउस रुजू झाला. हा तोच क्लुसिउस, ज्याने गार्सिया द ओर्ताचा १५६३ साली गोव्यात छापलेला औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६७ साली संक्षेपाने लॅटिनमध्ये उतरवला. गोव्याच्या औषधी आणि पेरू देशाचा कंद यांची या गावाशी अशी एकाच माणसाच्या टेबलावर गाठ पडली. त्या कंदाला आपण पोर्तुगीजांकडून बटाटा हे नाव घेतले, जे मुळात रताळ्याचे होते. वलंदेजांनी त्याला 'भुईचे सफरचंद' म्हटले. हे विषयांतर झाले, पण मला ते टाळवले नाही.

पदार्थ राहू द्या. शब्दाकडे येऊ, कारण शब्द वेढ्याहून पुष्कळ जुना आहे. इंग्लंडात १०६६ नंतर नॉर्मनांचे राज्य आले आणि न्यायालयांत एक प्रकारची मोडकी फ्रेंच भाषा कित्येक शतके नांदली. त्या भाषेत तेराव्या शतकाच्या अखेरीस 'होशपो' हा शब्द वाटणीच्या कायद्यात आढळतो. कायदा असा: बापाने एका मुलीला लग्नात जमीन आंदण दिली, आणि ती चाकरी माफ करून दिली, पुढे मृत्युपत्र न करता बाप वारला, आणि उरलेल्या जमिनीत दोघी मुली वाटा मागू लागल्या. समजा एकंदर जमीन तीस एकर, त्यांतील दहा थोरलीला आंदणात गेलेली. उरलेल्या विसात थोरलीला निम्मे द्यावे, तर तिच्या पदरात वीस पडून धाकटीवर अन्याय होतो. म्हणून कायदा थोरलीला म्हणतो, बाई, तुला उरलेल्यात हात घालायचा असेल तर आधी आपली आंदणाची दहा एकर त्याच हंडीत टाक, मग तीसाचे दोन सारखे भाग होतील. आणि ते टाकायचे नसेल तर आहे तेच घेऊन स्वस्थ बैस. १४८१ साली वारलेले न्यायाधीश सर थॉमस लिटलटन यांनी आपल्या जमीनधारणेवरील ग्रंथात या शब्दाचा अर्थ सांगताना चक्क स्वयंपाकघराचा आधार घेतला आहे. हा शब्द म्हणजे इंग्रजीतील पुडिंग, असे ते म्हणतात, आणि पुडिंगात एकच जिन्नस नसतो, अनेक जिन्नस एकत्र असतात, असे कारण देतात. कायद्याच्या रुक्ष ग्रंथात इतका खमंग दाखला मी अन्यत्र पाहिलेला नाही. लिटलटनच्या आधी शंभर वर्षे इंग्रज कवी चॉसरनेही अनेकांचे सल्ले सरमिसळ करून टाकण्याच्या अर्थी हाच शब्द योजला होता.

मग हा शब्द मूळचा कोणाचा? एक पक्ष म्हणतो, हा इंग्रजी 'हॉट पॉट', म्हणजे ऊन भांडे. हा तर्क ऐकायला सोपा आहे, आणि सोप्या व्युत्पत्तींविषयी जो संशय बाळगावा तो येथेही बाळगलेला बरा. जुन्या रूपांत कोठेही उष्णतेचा मागमूस नाही, आणि 'हॉचपॉच' हे तर मागाहून यमकासाठी केलेले रूप आहे. दुसरा पक्ष फ्रेंचांचा. 'होशे' म्हणजे हलवणे, 'पो' म्हणजे भांडे. ज्यातले जिन्नस भांडे हलवून एकजीव करतात ते 'होशपो'. तिसरा पक्ष वलंदेजांचा, आणि विहीणबाई अर्थात त्या पक्षाच्या: 'हुत्सन' म्हणजेही हलवणे, आणि 'पॉट' म्हणजेही भांडे. दोन्ही पक्षांचा अर्थ एकच, फक्त मालकी वेगळी. दादांच्या भाषेत, मिळकतीच्या वर्णनाबद्दल वाद नाही, वाद आहे तो हक्काबद्दल.

फ्रेंच पक्षाची बाजू वरकरणी भक्कम आहे. क्रियापद आधी आणि त्याचे कर्म मागे ठेवून वस्तूचे नाव बनवण्याची खोड फ्रेंच भाषेची. जर्मन कुळातल्या भाषा सहसा नामाला नाम जोडतात. पण ज्या 'होशे' क्रियापदावर फ्रेंचांची सारी भिस्त आहे ते तरी त्यांचे कोठे आहे? बहुतेक व्युत्पत्तिकार ते फ्रँक लोकांच्या जर्मन बोलीतून आलेले मानतात, आणि त्या बोलीची सर्वांत जवळची वारस म्हणजे वलंदेजी व फ्लेमिश. तेव्हा माझा निवाडा असा की कापड वलंदेजी आणि शिवण फ्रेंच. शिवणारा शिंपी फ्लँडर्समध्ये बसलेला असावा, जेथे या दोन भाषा शेजारी-शेजारी नांदत आल्या आणि जेथील गेंट नगराचा हुत्स्पॉट प्रसिद्ध आहे. त्या पदार्थात डुकराचे मांस आणि कंदमुळे एकत्र शिजतात, घोटून लगदा करीत नाहीत. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमची राणी माटिल्डा फ्लँडर्सची होती आणि त्याच्या सैन्यात फ्लेमिश लोकांचाही भरणा होता. त्यांच्या मुदपाकखान्याबरोबर हा शब्द खाडी ओलांडून गेला आणि आचाऱ्याच्या तोंडून कारकुनाच्या तोंडी बसला, असे मी खुशाल मानतो. याला कागदी पुरावा मागणाऱ्यांना मी इतकेच विचारतो की मुदपाकखान्याची रोजकीर्द कोणी जपून ठेवते काय?

येथे लायडनचा हंडाही वेगळा दिसू लागतो. वेढा घालणाऱ्या फौजेला स्पॅनिश म्हणण्याचा प्रघात असला तरी तिच्यात जर्मन आणि शेजारच्या दक्षिण मुलखातले वालून भाडोत्री शिपाई विपुल होते. चुलीवरचा आचारी स्पॅनिश असता तर त्याने आपल्या रश्श्याला 'ओया पोद्रिदा' म्हटले असते. या नावाचा शब्दशः अर्थ 'कुजकी हंडी', आणि फ्रेंचांचे 'पोपुरी' हे त्याचेच भाषांतर. पण तो आचारी वालून असेल, तर त्याची मायबोली फ्रेंच वळणाची, आणि त्याच्या तोंडी 'होशपो' हाच शब्द आला असता. म्हणजे लायडनकरांना सापडला तो शत्रूचा हंडा नव्हे, शेजाऱ्याचा.

आता हिंदुस्थान. इंग्रजांबरोबर हा शब्द आमच्या न्यायालयांत आला आणि संयुक्त कुटुंबाच्या कायद्यात इतका मुरला की सहहिस्सेदाराने स्वकष्टार्जित मिळकत सामाईकात मिसळली म्हणजे ती 'कॉमन हॉचपॉट'मध्ये टाकली, असे निकालपत्रे म्हणू लागली. ही मिसळ हेतुपुरस्सर झाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली बजावले. आणि विरोधाभास पाहा: १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात हा शब्द येतो तो ४९ व्या कलमाच्या मथळ्यात, आणि तोही नकार देण्यासाठी! बापाने हयातीत मुलाला जे दिले ते हॉचपॉटमध्ये आणायचे नाही, असे ते कलम सांगते. म्हणजे जेथे शब्द छापला तेथे तत्त्व नाही, आणि जेथे तत्त्व पाळायचे तेथे शब्दच निराळा: गोव्यात १८७० पासून लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी संहितेने हयातीत दिलेल्या देणग्या वाटणीत परत आणण्याचा नियम घालून दिला, पण त्याला नाव दिले 'कोलासांव', लॅटिनमधून घेतलेले. खुद्द वलंदेजांच्या कायद्यातही त्याला 'इनब्रेंग', म्हणजे 'आत आणणे', म्हणतात. हुत्स्पॉट त्यांनी ताटातच ठेवला.

दादांना तत्त्वाचा मात्र मुळीच अचंबा वाटला नाही. बापाने जिवंतपणी सारखे वाटे केले तर ज्यांना स्त्रीधन मिळालेले नाही अशा पत्नींनाही सारखा वाटा द्यावा, हे याज्ञवल्क्याने सांगितले. आणि स्त्रीधन आधी दिले असेल तर अर्धाच द्यावा, हे कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी बसून विज्ञानेश्वराने अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा त्याच्या आगेमागे उलगडून दाखवले. आधीचे दान हिशेबात धरायचे, ही बुद्धी लिटलटनच्या कितीतरी आधीची आहे. मी म्हटले, "दादा, तत्त्व होतं, पण हंडी नव्हती." त्यावर ते म्हणाले, "हंडी कशी नव्हती? गोपाळकाला काय आहे? ज्याने त्याने आपापली शिदोरी आणायची, एकत्र कालवायची, आणि मग सगळ्यांना सारखी. पेंद्याचं दहीपोहं कुठलं आणि कृष्णाचं लोणी कुठलं, हे मग कोणी विचारायचं नाही. हॉचपॉटला मराठीत शब्द पाहिजे असेल तर तो काला."

मला हा प्रतिशब्द पसंत आहे, आणि 'काल्यात आणणे' हा वाक्प्रचार दाव्याच्या मजकुरात शोभेल, असेही वाटते. जुन्या मुनसफ कोर्टांतील मराठी कारकुनांनी वाटणीच्या कैफियती लिहिताना या इंग्रजी शब्दाशी कसकशी झटापट केली, हे पाहण्याची मला उत्कंठा आहे. ज्या वाचकाच्या माळ्यावर आज्या-पणज्यांच्या दाव्यांचा गठ्ठा पडला असेल, त्याने एवढीच कृपा करावी: तो सोडावा, 'हॉचपॉट' ज्या ओळीत उतरला असेल ती ओळ जशीच्या तशी लिहून काढावी, आणि ज्या भावाशी तो दावा झाला होता त्याच्या घरच्यांना आधी वाचून दाखवावी.