दिनविशेष : २७ डिसेंबर – सुरतेत राष्ट्रीय सभा दुभंगली

तापीकाठच्या सुरत शहराच्या इतिहासात २७ डिसेंबर १९०७ हा राष्ट्रीय सभेच्या फुटीचा दिवस ठरला. आधी नागपूरला ठरलेले अधिवेशन मवाळांनी सुरतेस हलविले होते. कलकत्त्यात १९०६ साली संमत झालेले स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षणाचे ठराव येथे सौम्य केले जातील, अशी जहालांना शंका होती.

आदल्या दिवशी गोंधळात तहकूब झालेली सभा २७ रोजी पुन्हा भरली. चिठ्ठी पाठवूनही उत्तर न मिळाल्याने लोकमान्य टिळक व्यासपीठावर गेले. नियोजित अध्यक्ष डॉ. रासबिहारी घोष यांच्या निवडीबाबत त्यांना बोलू दिले गेले नाही, तेव्हा ते हाताची घडी घालून तेथेच उभे राहिले. खुर्च्या उगारल्या गेल्या. भिरकावलेला एक जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. त्या क्षणी दोन्ही हात पसरून टिळकांचे रक्षण करण्यास पुढे आले ते त्यांचेच राजकीय विरोधक गोपाळ कृष्ण गोखले, असे ब्रिटिश पत्रकार हेन्री नेव्हिन्सन यांनी नोंदविले आहे. अखेर पोलिसांनी मंडप रिकामा केला.

पुढच्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस पाठविण्यात आले. दुभंगलेली सभा १९१६ मध्ये लखनौ येथे पुन्हा एकत्र आली; ते पाहण्यास गोखले हयात नव्हते.